आळ्यातली पेंड, वाळूचा हौद आणि बहिरा बगळ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

आधी तातडीचं, वाद मागाहून घालू. माझ्या कुत्र्याच्या उकरण्यावरच्या लेखाला दिलेल्या प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तुमची कुत्री हल्ली नारळाच्या आळ्यातच उकरते, आणि तिथे तुम्ही नुकतीच एरंडीची पेंड घातली आहे. ती पेंड आजच काढा, निदान त्या झाडांकडे तिला फिरकू देऊ नका. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. तेल गाळलं तरी ते तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं, आणि कुत्र्यांना पेंडीचा वास खाऊसारखा ओढून नेतो. खाल्ल्याबरोबर काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. त्यावर उतारा नाही, फक्त सलाईन वगैरे देऊन जनावर तगवता येतं. तेव्हा तिनं खाल्ली असल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा आणि पेंडीचं नाव सांगा. झाडाला खत हवंच असेल तर निंबोळी पेंड घाला. ती कडू, कुत्री सहसा तोंड लावत नाहीत.

आता तुमचा राग. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा कुत्रा बगळ्या जन्मापासून बहिरा, आणि त्याचं अंगण उकरणं आम्ही कसं आटोक्यात आणलं ते मी लिहिलं होतं. त्यावर काकांनी लिहिलं की हे सगळे शहरी लाड आहेत. कुत्र्याला ऐकू येत नसलं तरी छडी दिसते. खड्ड्यात तिखट टाकावं, नाहीतर सरळ साखळीला बांधावं. आणि मी त्याला उकरायला वाळूचा हौद करून दिला म्हणजे चोराच्या हाती किल्ली दिली. शिवाय बगळ्या बहिरा नसून बेरकी असावा, कारण जेवणाच्या वेळी तो बरोबर हजर होतो.

शेवटच्यापासून सुरुवात करतो. जेवणाच्या वेळी तो येतो ते नाकाच्या आणि पायांच्या भरवशावर. ताट फरशीवर ठेवलं की कंप त्याच्या पंजांना कळतो, आणि घरातली दुसरी कुत्री उठली की हा तिच्या मागोमाग उठतो. बहिरं कुत्रं घरात कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही ते यामुळेच. अंगणातल्या मऊ मातीत मात्र आपल्या पावलांचा कंप फारसा पोचत नाही, आणि खड्ड्यात नाक खुपसलेल्या कुत्र्याला आपण दिसतही नाही. पांढऱ्या कुत्र्यांमध्ये हे बहिरेपण जास्त आढळतं, त्याचं कारण रंगाशीच जोडलेलं आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या नसल्या की जन्मानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत ऐकण्याची यंत्रणा सुकून जाते. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांपैकी जवळपास ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले आहेत. बगळ्या गावठी आहे, पण नावाप्रमाणेच पांढराशुभ्र. (नाव आमच्या सोयीचं. त्याला ते आहे हे अजून ठाऊक नाही.)

छडीचं. छडी दिसते, हे कबूल. पण ती कशाबद्दल आहे हे त्याला कसं कळावं? तुम्ही शेतावरून संध्याकाळी येता, खड्डा दिसतो, तुम्ही कुत्रीला तिथे ओढत नेऊन तिचं नाक मातीत दाबता. खड्डा तिनं दुपारी केलेला. ती कान पाडून अंग चोरते, आणि तुम्हाला वाटतं हिला चूक कळली. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्यानं काही केलं की नाही यावर ठरत नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो, असं तिला दिसलं. ऐकू येणाऱ्या कुत्र्याला निदान आवाजाच्या चढउतारावरून तुमचा अंदाज येतो. बगळ्याजवळ आमचे चेहरे आणि हात एवढंच आहे. ज्या हातानं 'थांब' आणि 'शाब्बास' सांगायचं त्याच हाताला तो घाबरला, तर त्याच्याशी बोलायला आमच्याकडे काहीच उरत नाही. आणि मागून जाऊन धरलंत तर दचकून चावा बसेल. त्यात त्याचा काय दोष?

बहिऱ्या आणि ऐकणाऱ्या कुत्र्यात या बाबतीत फरक एकच. 'ए, सोड ते!' असं ओसरीवरून ओरडण्याची सोय गेली. म्हणून सगळं काम पहिला पंजा मातीत पडण्याआधीचं. त्यासाठी तो का उकरतो हे बघावं लागतं, आणि काका, तुम्ही आयुष्यभर माती पाहिलेले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर दिसेल.

एप्रिल-मेमध्ये उकरणं केळीच्या आणि नारळीच्या आळ्यात, मोरीच्या पाण्याच्या पाटाशी, रांजणाखाली असेल, तर तो गारवा शोधतोय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं आणि पोट ओल्या मातीला टेकवणं हेच त्याचे उपाय. पावसाळ्यात जुलैपासून पुढे तोच खड्डा शेणखताच्या ढिगाशी सरकला, तर खाली बहुधा हुमणी असते. पहिल्या पावसाला भुंगेरे बाहेर येतात, अंडी घालतात, आणि पुढे त्या जाड पांढऱ्या अळ्या कुत्र्याच्या नाकाला लागतात. खड्ड्याच्या तोंडाशी आधीपासूनच ताज्या मातीचा ढीग असेल तर घुशीचं बीळ. तिथे विषाच्या गोळ्या टाकल्या असतील तर कुत्रं आधी बांधा, आणि पावसाळ्यात लेप्टोची (उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाची) लस दिलेली असू द्या. कुंपणाच्या कडेकडेनं उकरत असेल तर त्याला बाहेर जायचंय. माजावर आलेल्या किंवा खोट्या गाभणपणातल्या कुत्रीचं वेगळं, तिचं काही दिवसांत थांबतं.

बगळ्याचं प्रकरण गारव्याचं होतं. म्हणून तो हौद. तुमचा आक्षेप असा की यानं सवय लागते. सवय होतीच, ती माझ्या केळींच्या मुळांशी होती. आंब्याच्या सावलीत, त्याच्या लाडक्या खड्ड्याशेजारीच, चिऱ्यांच्या चौकटीत वाळू भरली. दुपारी त्यावर पाणी शिंपडायचं, आत भाकरीचा तुकडा किंवा उकडलेलं रताळं पुरायचं, सुरुवातीला अर्धं वर दिसेल असं. तो तिथे उकरायला लागला की समोर जाऊन अंगठा वर करायचा आणि खाऊ द्यायचा. अंगठा म्हणजे शाब्बास, हे आधी घरात शिकवलेलं. आळ्यांत मात्र मातीखाली दोन बोटांवर चपटे दगड पसरले. पंजा दगडाला लागतो, मजा जाते. चोराला किल्ली दिली म्हणता ते खरं, पण खोली मी निवडली.

पहिले दिवस तो अंगणात सुटा नव्हता. लांब दोरी छातीच्या पट्ट्याला, दुसरं टोक माझ्या हातात. आळ्याकडे वळला की दोरीनं नुसता थांबवायचा, हिसका नाही. त्यानं वळून बघितलं की लगेच खाऊ. उगाचच मान वळवून माझ्याकडे बघितलं तरी खाऊ. बहिऱ्या कुत्र्याला सगळ्यात आधी शिकवायची गोष्ट हीच, की मधूनमधून माणसाकडे बघावं. हे जमलं की उघडा तळहात दाखवून 'थांब' सांगता येतं. अंधारात हात दिसत नाही, तेव्हा आम्ही पडवीचा दिवा दोनदा बंद-चालू करतो, तो घरी येतो. बॅटरीचा झोत जमिनीवर फिरवून बोलावू नका. कित्येक कुत्र्यांना उजेडामागे धावायचं वेड लागतं आणि मग सावल्यासुद्धा उकरतात.

साखळीबद्दल. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा धरलाय. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट, दिवसभर बांधलेलं कुत्रं सुटल्यावर दुप्पट उकरतं. तिखट डोळ्यात गेलं की भाजतं, आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं शेजारच्या जागी उकरतं. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या तर विषच, त्या अंगणात नकोतच.

आता तुम्ही लिहिलेला, तुमच्या पुतण्यानं आणलेला पट्टा. तो झटका देणारा असेल तर परत पाठवा. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बेकायदेशीर आहेत. नुसता थरथरणारा असेल तर गोष्ट निराळी. बहिऱ्या कुत्र्यांना 'इकडे बघ' म्हणायला तो वापरतात. मात्र आधी घरात, थरथर झाली की खाऊ, असं बरेच दिवस करावं लागतं. खड्ड्यावर पहिल्यांदाच बटण दाबलंत तर कुत्रं दचकेल, एवढंच.

एका गोष्टीत मी तुमच्यापेक्षा कडक आहे. गडग्याजवळचं, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाजवळचं उकरणं मी अजिबात चालवून घेत नाही. आमच्याकडे जांभ्याच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो. ते खवले घासून करवतीसारखा आवाज करतं आणि ऐकणारं कुत्रं त्या आवाजानं मागे सरकतं. बगळ्याला तो इशाराच मिळत नाही. म्हणून गडग्याच्या कडेचा पालापाचोळा आणि दगडांचे ढीग काढून टाकले, आणि तिथे तो दोरीशिवाय जात नाही.

कुंपणाखाली जाळी पुरायची तुमची युक्ती मात्र मी उचलणार आहे. तुम्ही लिहिलंत की जाळी उभी न पुरता आतल्या बाजूला आडवी पसरायची, म्हणजे कुत्रं कुंपणाशी उभं राहून उकरतं तेव्हा जाळी त्याच्याच पायाखाली येते. हे पटलं. फक्त कापलेली टोकं तुम्ही कुठे वळवता? खाली वळवली तर पावसात माती वाहून ती वर येतील आणि पंजा फाटेल, असं वाटतं. आमच्याकडे पावसाचा जोर फार. जाळीवर चिरे ठेवता की नुसती माती, तेही कळवा. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचं आहे.

आणि पेंड काढलीत की एक ओळ लिहा.