चोवीस तासांच्या भाषणाने कायदा अडला नव्हता

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याचे सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे सदस्य) स्ट्रॉम थर्मंड यांच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं ते असं: त्यांनी एकट्याने 24 तास बोलून वर्णभेदाविरुद्धचा 1964 चा नागरी हक्क कायदा रोखला, मग वैतागून डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि उतारवयात विचार बदलून कृष्णवर्णीयांचे मित्र झाले.

पहिली गोष्ट, सालच चुकलंय. ते भाषण 28 ऑगस्ट 1957 ला रात्री 8:54 ला सुरू झालं आणि दुसऱ्या रात्री 9:12 ला संपलं. एकूण 24 तास 18 मिनिटं. विधेयकही 1957 चं, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचं.

दुसरी, रोखलं काहीच नाही. भाषण संपल्यावर दोनेक तासांतच सिनेटने ते विधेयक 60 विरुद्ध 15 मतांनी मंजूर केलं आणि 9 सप्टेंबरला अध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही झाली.

असं का झालं, हे नीट समजून घ्यायला हवं. सिनेटमध्ये सदस्य बोलत राहिला की मतदान लांबतं. पण बोलणाऱ्याला खाली बसता येत नाही, बसला की बोलण्याचा हक्क गेला. थर्मंड यांनी आधी स्टीम बाथ घेऊन अंगातलं पाणी कमी केलं होतं, म्हणजे लघवीला जावं लागू नये. खिशात घशाच्या गोळ्या होत्या. एकेका राज्याचा निवडणूक कायदा वाचत त्यांनी तास काढले. पण एका माणसाचं शरीर कधीतरी थकणारच. अडवणूक टिकते ती दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने बोललं तर, आणि वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सिनेटरांनी जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांच्या नेतृत्वाखाली तसं न करायचं ठरवलं होतं. कारण त्यांना हवं ते आधीच पदरात पडलं होतं. 24 जुलैला विधेयकाचा तिसरा, सर्वांत कडक भाग 52 विरुद्ध 38 मतांनी वगळला गेला. 2 ऑगस्टला ज्यूरीची दुरुस्ती 51 विरुद्ध 42 ने घुसवली गेली, म्हणजे मतदानाबाबतचा कोर्टाचा आदेश मोडणाऱ्यावरचा खटला ज्यूरीपुढे (सामान्य नागरिकांच्या पंचांपुढे) चालणार, आणि दक्षिणेतली गोरी ज्यूरी गोऱ्याला सहसा दोषी ठरवत नसे. शेवटच्या तडजोडीत 300 डॉलर दंड किंवा 45 दिवस कैदेपर्यंतच्या प्रकरणांतून ज्यूरी वगळली, आणि थर्मंड यांनी विरोधाचा एक मोठा मुद्दा केला तो याचा. कायद्याचे दात पाडले ते त्या दुरुस्त्यांनी. भाषणाचं कौतुक करताना हा भाग नेहमी गळतो, आणि तोच महत्त्वाचा आहे.

1964 मध्ये मात्र दक्षिणेचा गट खरोखर पाळीपाळीने बोलत राहिला. 10 जूनला 71 विरुद्ध 29 मतांनी भाषणं थांबवायचं ठरलं आणि कायदा झालाच.

पक्षांतराचं म्हणाल तर ती त्यांची पहिली फारकत नव्हती. 1948 मध्येच ते वर्णभेदाच्या बाजूने वेगळ्या तिकिटावर अध्यक्षपदाला उभे राहिले होते आणि 39 इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची मतं) घेऊन गेले होते. 16 सप्टेंबर 1964 ला ते रिपब्लिकन झाले, ते 1964 च्या कायद्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना पाठिंबा द्यायला.

राहिला विचार बदलण्याचा मुद्दा. 1983 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीला त्यांनी मत दिलं, हे खरं. पण घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणीपासून 1925 मध्ये झालेली मुलगी, एसी मे, त्यांनी हयातीत कधीच जाहीरपणे आपली म्हटली नाही. गुपचूप पैसे मात्र देत राहिले. जून 2003 मध्ये, शंभरी ओलांडून, ते वारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती स्वतः पुढे येऊन बोलली. साउथ कॅरोलिनाची राजधानी कोलंबिया इथे राज्य विधिमंडळाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. त्यावर ‘चार मुलांचे वडील’ असं कोरलेलं होतं. 2004 मध्ये त्या चारचे पाच करून खाली तिचं नाव कोरावं लागलं.