पॉकेट स्कॅनर धरला की ‘नॅचरल’ कळतं? नाही कळत

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: खिशातला एनआयआर (निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाने तपासणारा) स्कॅनर मध, सुकी फळं, खारवलेले मासे, कशावरही धरा, दोन सेकंदात कळतं की माल नैसर्गिक पद्धतीने टिकवलाय की प्रिझर्वेटिव्ह घातलंय, विष असेल तर तेही दिसतं, आणि आता लॅबची गरजच नाही. स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे पदार्थ कुठला प्रकाश किती शोषतो यावरून त्यात काय आहे ते ओळखणं, हे जबरदस्त तंत्र आहे, म्हणूनच तिच्या नावावर हे असलं खपवलेलं बघवत नाही.

पहिलं, प्रिझर्वेटिव्ह. क्रॅनबेरीत बेंझोइक अॅसिड मुळातच असतं आणि कारखान्यातून आलेलं बेंझोइक अॅसिड म्हणजे पण तोच रेणू, मग प्रकाशाला तो दिसला तरी आला कुठून हे कसं कळणार? त्यात ते घालतात किलोमागे फार तर ग्रॅमभर, आणि पाणी-साखर जिथे प्रकाश शोषतात त्या रुंद पट्ट्यांखाली एवढंसं काही सहज दबून जातं. ते किती आहे हे मोजायला एचपीएलसीसारखी, घटक वेगळे करून मोजणारी लॅब चाचणीच करावी लागते.

दुसरा दावा, विष दिसतं हा, सरळ धोकादायक आहे. सुक्या अंजिरात बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, त्याची मर्यादा असते किलोमागे काही मायक्रोग्रॅम. एनआयआर साधारण 0.1 टक्क्याच्या खाली चाचपडायला लागतं, म्हणजे किलोमागे 1 ग्रॅम, म्हणजे 10 लाख मायक्रोग्रॅम! कुठे काही मायक्रोग्रॅम आणि कुठे 10 लाख. हां, अतिनील दिव्याखाली चमकणारी अंजिरं वेगळी काढतात हे खरंय, पण तो संशय असतो, मोजमाप नाही, शेवटी नमुना लॅबलाच जातो.

आणि ‘लॅब नको’ म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की स्कॅनरला शिकवलं कोणी? अमेरिकी संशोधक कार्ल नॉरिस यांनी 1960 च्या दशकात धान्यातला ओलावा एनआयआरने मोजून दाखवला, तोही नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या आकड्यांशी ताडूनच. आजही तसंच आहे, शेकडो नमुने आधी लॅबमध्ये तपासायचे, मग त्या आकड्यांवरून मॉडेल, म्हणजे प्रकाशावरून आकडा काढायचं गणित, बनवायचं, आणि मधावर बनवलेलं मॉडेल माशावर लावलं तर आकडा येतो पण त्याला अर्थ नसतो. नमुना फ्रीजमधून काढून तसाच स्कॅन केला तरी घोळ होतो, कारण पाण्याचा 1450 नॅनोमीटरजवळचा पट्टा तापमानाने सरकतो.

ओलावा, साखर, फॅट मोजायला हे यंत्र खरंच मस्त आहे, आणि मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर गेलं की आंबायचा धोका वाढतो, त्यामुळे तो आकडा कामाचाच आहे. पण ओलावा ठीक असलेल्या मधातही बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते स्कॅनरला दिसत नाहीत. तेव्हा स्क्रीनवर हिरवं आलं म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, प्लीज.