'ऊसच परवडतो' म्हणता, तर पाण्याचाही हिशोब मांडा

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, की उसाला उगाच बदनाम करतात, एकरी सगळ्यात जास्त पैसा ऊसच देतो, पाणी तर निसर्गाचं, त्याला कसली किंमत, आणि ड्रिप (ठिबक सिंचन) केलं की विषय संपला. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी पाठवला म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एकरी पैशाचं बघू आधी. मराठवाडा-सोलापूरकडं कमी काय आहे, जमीन का पाणी? पाणी. मग हिशोब पाण्यावर मांडा ना. उसाला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं, त्यातलं ५०० पावसाचं धरलं तरी १५०० आपल्याला द्यावं लागतं, आणि एकरावर १ मिलिमीटर म्हणजे ४००० लिटर, म्हणजे एकरी ६० लाख लिटर झालं. ४० टन ऊस, टनाला ३००० धरा, १ लाख २० हजार झाले, हजार लिटरमागं २० रुपये. आता तूर घ्या, पावसानं ओढ दिली तेव्हा दोन संरक्षित पाणी दिली तर ५ लाख लिटरच्या आत भागतं, ६ क्विंटल झाली आणि ७००० भाव मिळाला तरी ४२ हजार, म्हणजे हजार लिटरमागं ८० च्या वर. खर्च दोन्हीकडं धरलेला नाही, भाव खालीवर होतील, पण एका एकर उसाच्या पाण्यात बारा एकर तूर वाचते हे तर बदलत नाही! राज्यात लागवडीच्या जेमतेम ४ टक्के क्षेत्रावर ऊस आणि सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी त्याला, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच काही वर्षांपूर्वी मांडलेलं आहे.

पाण्याला किंमत नाही म्हणता, तर २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी का आणावं लागलं? त्याच हंगामात मराठवाड्यात कारखाने ऊस गाळत होते. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, ते उपसून संपलं की बोअर कितीही खाली न्या, बऱ्याचदा नुसता फुफाटा उडतो. शेजाऱ्याची विहीर आटते, बायका टँकरमागं पळतात, हा खर्च उसाच्या पट्टीत (बिलात) कुठंच दिसत नाही.

शेतकऱ्याला दोष द्यायचा नाहीये, हे नीट वाचा. २००९ पासून उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायलाच लागणारा किमान दर, कारखाना ऊस नेतो, पैसे उशिरा का होईना येतात. तुरीला हमीभाव कागदावर, खरेदी केंद्रावर कधी बारदाना (पोती) नाही, कधी नोंदणी बंद. एवढी खात्री तुरीला द्या, मग बघा कोण काय लावतं. उलट साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल माफ झालं, मग मोटर बंद करायचं कारणच उरत नाही.

राहिलं ड्रिप. ड्रिप चांगलंच आहे, लावावंच, पण वाचलेल्या पाण्यावर माणूस अजून दोन एकर ऊस वाढवतो, मग वाचलं कुठं? पाण्याच्या हिशोबानं पीक कसं ठरवतात ते अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात बघा, पाऊस कमीच, तिथं शेतीसाठी बोअर घेत नाहीत, ऊस-केळी लावत नाहीत. पावसाळा संपला की किती पाणी आहे ते मोजतात, आधी माणसं, मग जनावरं, मग पिकं, आणि पाऊस कमी झाला असेल तर रब्बीत काय नि किती पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं.