शेवटच्या ब्लॅकआउटबद्दल: आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

नाटकाच्या प्रयोगाला आम्ही केलेल्या प्रकाशव्यवस्थेबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. प्रयोगाच्या शेवटी आपल्या कलाकारांचा आणि प्रेक्षकांचा विरस झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. एवढ्या तालमी करून उभ्या केलेल्या नाटकाचा शेवटच असा व्हावा, हे आम्हालाही फार लागलं.

पण आपण लिहिलंय, "नायिकेचं शेवटचं स्वगत चालू असताना लाइट गेले आणि परत आले. ऑपरेटरचं लक्षच नव्हतं. नुसतं एक बटण दाबायचं, तेही जमलं नाही, आणि प्रोग्रॅमिंगचे पैसे मात्र दिवसभराचे." हे वाचून गप्प बसवत नाही. नवीन गिऱ्हाईक फोन करण्याआधी हेच वाचतं आणि आमचं घर याच कामावर चालतं. म्हणून त्या रात्री काय झालं, ते सांगतो.

शेवटच्या प्रसंगाला तीन क्यू होते, म्हणजे कन्सोलमध्ये (लाइट चालवायच्या यंत्रात) आधीच भरून ठेवलेले प्रकाशाचे बदल. क्यू ६१ ऑपरेटरने ‘गो’ बटण दाबून सुरू करायचा. संध्याकाळचा पिवळा प्रकाश २५ सेकंदांत उतरत जातो. तो उतरला की क्यू ६२ आपोआप लागतो, रंगमंच निळा होतो आणि चेहऱ्यावरचा स्पॉट तेवढा राहतो. त्यानंतर १५ सेकंदांनी क्यू ६३, म्हणजे ब्लॅकआउट, तोही आपोआप. ‘गो’ दाबल्यापासून ४० सेकंदांनी अंधार व्हायला सुरुवात. हे आकडे आम्ही मनाने टाकलेले नाहीत. तांत्रिक तालमीत आपल्या दिग्दर्शकांनी स्वतः स्टॉपवॉच लावून दिले. स्वगत ३८ सेकंदांत संपत होतं, वर दोन सेकंद शांतता.

शेवटचा ब्लॅकआउट ऑटोवर नको, हातावर ठेवू या, असं आमच्या ऑपरेटरने तेव्हाच सुचवलं होतं. "प्रत्येक प्रयोग सारखा झाला पाहिजे, सगळं ऑटोवर टाका आणि शेवटी कन्सोलला हात लावू नका," असं त्याला बजावण्यात आलं. नाटक आपलं, शब्द दिग्दर्शकांचा. त्याने ऐकलं.

प्रयोगात आपल्या नायिकेने काम इतकं सुंदर केलं की स्वगताच्या मधल्या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरेपर्यंत त्या थांबल्या. थांबायलाच हवं होतं, चांगला नट तेच करतो. पण कन्सोलला टाळ्या ऐकू येत नाहीत. त्याची मोजणी चालूच राहिली आणि ४० व्या सेकंदाला त्याने सांगितलेलं काम केलं. लाइट परत आले ते काही आपोआप आले नाहीत, मॅडम. आमच्या पोराने सूचना बाजूला ठेवून ‘स्टॉप’ आणि लगोलग ‘बॅक’ दाबलं, म्हणून शेवटची दोन वाक्यं प्रेक्षकांना दिसली. त्याचं लक्ष नसतं तर ती अंधारातच गेली असती. त्यालाच बेफिकीर म्हटलंय, हे सगळ्यात जास्त बोचलं.

"झटकन अंधार" असंही आपण लिहिलंय. फेड, म्हणजे प्रकाश उतरत जाण्याचा वेळ, तीन सेकंदांचा होता. पण त्या नाट्यगृहात सगळे एलईडी आहेत. जुन्या हॅलोजनची तार शून्यावर आल्यावरही क्षणभर धुगधुगते, त्यामुळे अंधार मऊ वाटतो. एलईडीला ती सवलत नाही. शेवटच्या काही टक्क्यांत तो एकदम तुटल्यासारखा दिसतो.

आता एका बटणाबद्दल. ते एक बटण पुरावं म्हणूनच तर आधी दिवसभर बसावं लागतं. मुव्हिंग हेडचं, म्हणजे मान फिरवणाऱ्या लाइटचं, उदाहरण घ्या. तो पुढच्या क्यूमध्ये उजव्या विंगेकडे पेटणार असेल, तर त्याआधी, विझलेला असतानाच, त्याला तिकडे वळवून रंग बदलून ठेवावा लागतो. नाहीतर पेटता झोत प्रेक्षकांच्या डोळ्यांवरून फिरत जातो. असं प्रत्येक लाइटचं, प्रत्येक प्रवेशाला पाहावं लागतं. शिवाय ट्रॅकिंग असतं. एका क्यूमध्ये दिलेला निळा रंग, पुढे कुणी बदलेपर्यंत तसाच वाहत येतो. आपण प्रयोगाच्या दिवशी दुपारी एक अख्खा प्रवेश गाळला. तो क्यूंसकट पुसून टाका असा निरोप होता. पुसला असता तर त्यात बदललेले रंग पुढच्या प्रवेशांत चुकीचे आले असते. आम्ही न पुसता तो ओलांडून जाण्याची सोय केली, पुढचे क्यू एकेक करून तपासले आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. त्या प्रवेशानंतर एकाही लाइटचा रंग चुकला नाही, हे अभिप्रायात कुठे दिसलं नाही.

तालमीची वेळही आपल्या मंडळींनी बरीचशी फोटो काढण्यात घालवली. तक्रार म्हणून लिहीत नाही, पण शेवटचा प्रसंग त्यामुळे एकदाच चालवून पाहता आला.

यापुढे ऑटो क्यूबद्दल आधी बसून बोलून घेऊ आणि शक्य तिथे लेखी ठेवू. तालमीच्या वेळेचंही काहीतरी नीट ठरवू. आपल्या नाटकाचे सगळे क्यू असलेली शो फाइल आमच्याकडे जपून आहे. तिची एक प्रत करून क्यू ६३ वरचा ऑटो काढून ठेवलाय, आता तो ‘गो’ दाबल्याशिवाय लागणार नाही. पुढच्या प्रयोगाला आमच्याकडून लाइट घ्या किंवा न घ्या, पेनड्राइव्ह पाठवा, दोन्ही फाइल देतो. कन्सोल मात्र त्याच कंपनीचा लागेल.

आपला,
प्रकाश व्यवस्थेचा मालक