मल्टिबॉक्सिंगच्या ‘पाच रामबाण उपायां’ची झाडाझडती

एकाच कॉम्प्युटरवर गेमच्या चार-पाच विंडो उघडायच्या आणि एकीत दाबलेलं बटण एका टूलने सगळ्यांत पोचवायचं, याला मल्टिबॉक्सिंग म्हणतात. ते पोचेनासं झालं की काय करायचं, यावर ‘पाच रामबाण उपाय’ असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. माझ्या भाच्यापर्यंतही पोचला. त्याने तो मला पाठवून वर विचारलं, “मामा, पहिला केला, दुसरा करू का?” पहिला उपाय अँटिव्हायरस बंद करायचा आहे. म्हणून हा खटाटोप.

तर उपाय पहिला: ‘अँटिव्हायरस सिग्नल अडवतो. तो पूर्ण बंद करा आणि खालच्या लिंकवरून क्लीन व्हर्जन उतरवा, झिपचा पासवर्ड १२३४.’

अँटिव्हायरस अशा टूलवर भुंकतो, हे खरं आहे. हे टूल कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण ऐकतं आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला देतं. कीलॉगर, म्हणजे दाबलेली बटणं चोरून नोंदवणारा प्रोग्रॅम, पहिलं काम हुबेहूब तेच करतो, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. पण बटणं मधेच हरवण्याचं कारण अँटिव्हायरस क्वचितच असतो. त्याला टूल पटलं नाही तर तो फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद कप्प्यात, टाकतो; मग टूल मुळात उघडतच नाही. टूल उघडतंय, विंडो दिसतायत, फक्त बटण पोचत नाही, अशा वेळी अँटिव्हायरस बंद करून काय मिळणार?

आता ती झिप. पासवर्ड असलेली झिप का देतात, याचा कुणी विचार केला का? पासवर्ड असला की अँटिव्हायरसला फाइल उतरताना आत डोकावता येत नाही. ज्याची फाइल खरोखर स्वच्छ आहे त्याला पासवर्ड लावायची गरज काय, आणि वर अँटिव्हायरस बंद करायला सांगायची गरज काय? चोरानेच येऊन सांगावं की रात्री कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधावा, तशी गत. त्यात मल्टिबॉक्सिंगवाले पाचही अकाउंटचे पासवर्ड याच टूल चालू असताना टाइप करतात. ज्याला बटणं ऐकायची आहेत त्याला आणखी काय हवं?

टूल मूळ बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर कुणाची आहे ते बघा. सगळं ठीक वाटलं आणि तरीही अँटिव्हायरस अडवत असेल, तर तेवढ्या एका फाइलला सूट द्या, अख्ख्या ड्राइव्हला नाही. भाच्याला मी ते टूल काढून पूर्ण स्कॅन करायला लावलं, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला लावले. ज्याने ती झिप उघडली असेल त्याने आजच हे करावं.

उपाय दुसरा: ‘यूएसी बंद करा आणि सगळं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.’ यूएसी म्हणजे प्रोग्रॅमला ॲडमिनचा हक्क देण्याआधी तुमची परवानगी विचारणारी विंडोजची सोय. इथे, नाइलाजाने का होईना, अर्धं सत्य मान्य करावं लागतं. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमला एक पातळी असते. साधा उघडलेला प्रोग्रॅम मधल्या पातळीवर, ॲडमिन म्हणून उघडलेला वरच्या. खालच्याने वरच्याला बटणं पाठवायची नाहीत, हा नियम. मायक्रोसॉफ्टने आपल्या सेंडइनपुट या, बटणं पाठवायच्या फंक्शनच्या माहितीत तो सरळ लिहून ठेवलाय: बरोबरीच्या किंवा खालच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमलाच इनपुट देता येतं. आणि त्याच पानावर पुढची, जास्त कामाची गोष्ट आहे. या कारणाने इनपुट अडलं, तर ते फंक्शनच्या उत्तरातूनही कळत नाही आणि एरर कोडमधूनही नाही. म्हणजे टूलला वाटतं बटण गेलं, गेमला ते मिळालेलंच नसतं, आणि स्क्रीनवर एका अक्षराची तक्रार नाही. लोक मग ड्रायव्हर बदलतात, कीबोर्ड बदलतात, विंडोज नव्याने टाकतात.

म्हणजे गेम ॲडमिन म्हणून चालू असेल आणि टूल साधं असेल, तर टूलही ॲडमिन केल्यावर चालेल. मेसेजवाल्याचं कुणाचं तरी तसंच जमलं असणार. पण उपाय उलट दिशेने करायचा असतो: गेमला खाली आणा. गेम ॲडमिनवर गेला कसा, तर लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, तसा उघडला होता, आणि लाँचरने उघडलेला गेम त्याचीच पातळी घेतो. इन्स्टॉल संपल्यावर तिथूनच ‘आता चालू करा’वर टिचकी मारली की अनेकदा हेच होतं. लाँचर पूर्ण बंद करून साध्या डबल क्लिकने उघडा, बहुतेक वेळा भागतं.

हे तपासायला मिनिटभर लागतं. टास्क मॅनेजर, डिटेल्स टॅब, वरच्या पट्टीवर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, त्यात ‘एलिव्हेटेड’वर टिक. टूलसमोर ‘नो’ आणि गेमसमोर ‘येस’ दिसलं की रोग सापडला. दोन्हीकडे ‘नो’ असेल तर गेमच्या जागी नोटपॅड उघडा आणि टूलमधून एक अक्षर पाठवा. नोटपॅडमध्ये उमटलं तर टूल ठणठणीत आहे, गेमच इनपुट वेगळ्या वाटेने वाचतोय. रॉ इनपुट, म्हणजे थेट कीबोर्डकडून येणारी बटणं, वाचणारे बरेच गेम मागच्या विंडोला आलेल्या साध्या मेसेजकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिथे ॲडमिन होऊन काही फरक पडणार नाही.

आणि गंमत म्हणजे यूएसीची पट्टी अगदी खाली ओढली तरी विंडोज ८ पासून या पातळ्या जात नाहीत. जातो तो फक्त परवानगी विचारणारा डबा. म्हणजे बटणांचा प्रश्न जिथल्या तिथे, आणि ॲडमिनचा हक्क मागणाऱ्या प्रोग्रॅमला तो न विचारता मिळणार. पहिल्या उपायातली ती झिप आठवतेय ना?

तिसरा, ‘प्रायॉरिटी रिअलटाइम करा’, म्हणजे प्रोसेसरने या प्रोग्रॅमला सगळ्यांच्या आधी वेळ द्यावा. कृपा करून करू नका. रिअलटाइम प्रोसेस विंडोजच्या स्वतःच्या कामांनाही मागे ढकलते. माउस हलेनासा होऊ शकतो, डिस्कचं लिखाण अडकू शकतं, हे मायक्रोसॉफ्टच सांगतं. साध्या हक्काने टास्क मॅनेजरमधून रिअलटाइम निवडलं तर विंडोज गुपचूप ‘हाय’ लावतं, आणि त्यामुळेच कित्येक जण बचावले असतील.

चौथा, ‘रॅम वाढवा’. पाच सेशनना रॅम लागते आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरीही लागते, त्यात वाद नाही. पण मागच्या विंडोत पात्रं आरामात हलतायत आणि फक्त बटण लागत नाही, तर रॅमचा संबंध काय? खरोखर अडखळत असेल तर आधी मागच्या विंडोंचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची तो आकडा, कमी करा. बऱ्याच गेममध्ये ती सेटिंग असते, आणि ती फुकट आहे.

याच उपायात जाता जाता ‘शिफ्ट अडकते तीही रॅममुळेच’ असं ठोकून दिलंय. शिफ्ट दाबलेली असताना विंडो बदलली की ‘दाबली’ हा निरोप पहिल्या विंडोला जातो आणि ‘सोडली’ हा दुसरीला. पहिली बिचारी शिफ्ट दाबलेलीच धरून बसते. त्या विंडोत जाऊन शिफ्ट एकदा दाबून सोडा, सुटेल.

पाचवा: ‘एका बटणाला प्रत्येक पात्राची एकच क्रिया असेल तर कुठल्याच गेममध्ये बॅन होत नाही.’ हे जुनं पुराण आहे. ईव्ह ऑनलाइन या गेमने १ जानेवारी २०१५ पासून बटणं अशी एकदम सगळीकडे पाठवायला मनाई केली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ते बरीच वर्षं खपवून घेतलं गेलं, पण नोव्हेंबर २०२० मध्ये तो गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने तिथेही अशा सॉफ्टवेअरवर बंदी जाहीर केली. एकापेक्षा जास्त अकाउंट ठेवायला दोन्हीकडे बंदी नाही. प्रत्येक विंडोत स्वतः जाऊन बटण दाबायचं. बाकी गेमचे नियम त्या त्या गेमच्या अटींमध्ये बघा. भाच्याचा गेम या दोनांपैकीच एक निघाला, त्यामुळे त्याच्या टूलची दुरुस्ती आम्ही तिथेच सोडून दिली.