बंडोपंतांचा केशविस्तार

निसर्गाने केसांची वाटणी करताना आमच्या घरावर उघड अन्याय केला आहे. माझ्या डोक्यावर आता जे काही उरले आहे ते बसवायला कंगवाही लागत नाही, ओला तळहात पुरतो. आणि त्याच छपराखाली राहणाऱ्या बंडोपंतांच्या अंगावरून मात्र दररोज इतके केस उतरतात, की संध्याकाळच्या केरात जमणाऱ्या पुंजक्याने माझ्यासारख्या दोघांची डोकी सहज झाकली जावीत. बंडोपंत म्हणजे आमचा ६ वर्षांचा लॅब्रॅडॉर. त्याचे मूळ नाव बंडू. पण घरातील यच्चयावत फर्निचर त्याने ताब्यात घेतल्यापासून त्याचा एकेरी उल्लेख करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

कुत्रा आणण्यापूर्वी माझी एकच अट होती, ती म्हणजे तो आखूड केसांचा असावा. लांब केसांचे कुत्रे केस गाळतात आणि आखूड केसांचे गाळत नाहीत, अशी माझी समजूत होती, आणि ती मी इतक्या अधिकारवाणीने मांडली की घरात कोणी शंकाही घेतली नाही. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी निघाली. पूडलसारख्या कुत्र्याचे केस वाढतच राहतात, त्याला वरचेवर कातरावे लागते हे खरे. पण त्याचा गळलेला केस त्याच्याच कुरळ्या केसांत अडकून बसतो, तुमच्या उशीवर येत नाही. शिवाय लांब केस निदान डोळ्यांना दिसतो आणि चिमटीत सापडतो. लॅब्रॅडॉरचा ताठ, आखूड केस सुईसारखा कापडात शिरतो, आणि झटकल्यावर बाहेर पडण्याऐवजी आणखी आत सरकतो. माझ्या एका पायमोज्यात असा एक केस गेली दोन वर्षे मुक्काम ठोकून आहे. तो नेमका कुठे टोचतो हे मी सांगू शकतो. काढू मात्र शकत नाही.

"डॉक्टर, याचे केस फार गळतात हो," अशी तक्रार घेऊन मी त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी केस उलटे फिरवून त्वचा पाहिली. कुठे चट्टे नव्हते, टक्कल नव्हते, पिसवा नव्हत्या, खाजही नव्हती. "याला काहीही झालेले नाही. हा लॅब्रॅडॉर आहे," असे निदान त्यांनी केले आणि हात धुतले. हात धुणे आवश्यकच होते, कारण कुत्रा घाबरला की केस अधिकच सोडतो, आणि तेवढ्या पाच मिनिटांत तपासणीच्या टेबलाला अस्तर लागले होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर पाणी न धरणारे राठ केस आणि खाली दाट, मऊ लव. माणसाच्या डोक्यावरचा केस काही वर्षे सलग वाढत असतो आणि कोणत्याही क्षणी दहांतील आठ-नऊ केस वाढीच्याच कामाला लागलेले असतात. लॅब्रॅडॉरचा केस मात्र ठरावीक लांबी गाठली की काम थांबवतो, नंतर बराच काळ मुळाशी नुसता टेकून राहतो, आणि खालून नवा उमेदवार आल्यावर जागा सोडतो. (अशी व्यवस्था मी कार्यालयांतही पाहिली आहे, तेथे जागा मात्र कोणी सोडत नाही.) ही पानगळ दिवस लहान-मोठा होण्यावर चालते, म्हणून वर्षातून दोनदा तिला भर येतो. पण घरात राहणाऱ्या कुत्र्याला रात्रीही दिव्यांचा उजेड मिळतो, त्याच्या शरीराचा हिशेब चुकतो आणि गळती बाराही महिने चालू राहते.

एवढे ऐकल्यावर माझ्यातील शास्त्रज्ञ जागा झाला. सूर्यास्तानंतर घरातील दिवे मालवायचे आणि बंडोपंतांचे पंचांग दुरुस्त करायचे, असा प्रयोग मी त्याच दिवशी जाहीर केला. तो चार दिवस चालला. पहिल्या तीन दिवसांत घरातील प्रत्येक जण अंधारात बंडोपंतांना एकेकदा अडखळला आणि चौथ्या रात्री मी स्वतःच पडलो. लागले फारसे नाही, कारण सतरंजीवर केसांची गादी तयार होती.

"सरळ चकोट करून टाका," हा सल्ला पाहुण्यांपैकी एक तरी देतोच. तो मी डॉक्टरांपुढे ठेवला, तेव्हा ते प्रथमच रागावले. हे दोन थर थंडीपासून वाचवतात तसे उन्हापासूनही वाचवतात, आणि मुळापासून कापले तर नंतर पूर्वीसारखे नीट येतीलच याची खात्री नसते. "म्हणजे घरात दोन टकले होतील," असे मुलगी म्हणाली. तो विषय तेथेच संपला.

त्यानंतर मुलाने जमिनीवर आपोआप फिरून केर ओढणारे यंत्र आणले. पहिल्या दिवशी आम्ही सर्व जण पाय वर घेऊन त्याचे कौतुक पाहत होतो. दुसऱ्या दिवशी ते पलंगाखाली जाऊन थांबले आणि एका नम्र स्त्रीस्वरात, ब्रश अडकला आहे, तो मोकळा करावा, अशी विनंती करू लागले. मी पालथा पडून त्याला बाहेर ओढले. आतील रुळाभोवती केस रिळावर दोरा गुंडाळावा तसे घट्ट बसले होते. आसाच्या टोकांशी तर त्यांची नमद्यासारखी कडी तयार झाली होती. मी कात्रीचे टोक घालून एकेक पदर कापत बसलो. अर्ध्या तासाने बंडोपंत आले, त्यांनी यंत्र हुंगले, माझ्याकडे करुणेने पाहिले, आणि यंत्राने जो एकमेव चौकोन स्वच्छ केला होता त्यावर अंग टाकून, पाठ घासून, चारही पाय वर केले.

यंत्रापेक्षा पत्नीचा शोध शतपटीने श्रेष्ठ ठरला. भांडी घासण्याचा रबरी हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावरून एकाच दिशेने ओढला, की कापडात रुतलेले केस सुटतात आणि त्यांची वळकटी होत पुढे सरकते. हे काम इतके समाधान देणारे आहे, की मी रात्री अकरा वाजता हातमोजा चढवून सोफ्याला गोंजारताना सापडलो आहे.

कपड्यांच्या बाबतीत आम्ही शरणागती पत्करली. काळी पँट घरात नेसली जात नाही. ती दाराशी, बंडोपंत दुसऱ्या खोलीत असताना, चढवायची आणि तडक बाहेर पडायचे. चिकट कागदाचा रोलर दाराशी, गाडीत आणि कार्यालयाच्या खणात असे तीन ठिकाणी आहे, तरी जे व्हायचे ते झालेच. एका बैठकीत साहेबांनी माझ्या कोटावरून एक केस उचलला, उजेडात धरला, मग माझ्या डोक्याकडे पाहिले. केस सोनेरी होता. साहेबांनी आमच्या घरी भोजन केलेले असल्यामुळे माझ्या पत्नीचे केस काळे आहेत हे त्यांना ठाऊक होते. "आमच्या बंडोपंतांचा," असे मी म्हणालो. त्यामुळे परिस्थिती सुधारली असे मला वाटत नाही.

या केसांचा काही उपयोग करावा, असेही मनात येऊन गेले. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅलिश लोक एके काळी लोकरीसाठी कुत्रे पाळत, मेंढ्यांसारखे त्यांना कातरत आणि त्या लोकरीची घोंगडी विणत. ती जात पुढे नामशेष झाली. त्यांपैकी १८५९ साली मेलेल्या एका कुत्र्याचे कातडे अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवले आहे आणि त्या कुत्र्याचे नाव चक्क मटन होते. बंडोपंतांना मी हे सविस्तर सांगितले. पण त्यांचे केस इतके आखूड आणि निसरडे, की पीळ देताच सुटून जातात. त्यांचे घोंगडे होते ते फक्त माझ्या कोटावर.

शेवटी उपयोगी पडला तो लांब दातांचा फणीवजा ब्रश. केस घरभर विखुरल्यावर त्यांच्यामागे धावण्यापेक्षा ते कुत्र्याच्या अंगावर असतानाच गाठावेत, ही साधी गोष्ट समजायला मला सहा वर्षे लागली. आता दर रविवारी गॅलरीत आमचा कार्यक्रम असतो. मी मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने विंचरत जातो, खालची पांढरी लव वाफेसारखी वर येते, बंडोपंत डोळे मिटून पुढे झुकतात, आणि तासाभरात शेजारी साधारण त्यांच्याच आकाराचा दुसरा कुत्रा तयार होतो.

गेल्या रविवारी असाच ढीग भरून मी आत आलो, तेव्हा पत्नीने मला दारातच थांबवले. "अहो, हलू नका. डोक्यावर बंडूचा केस चिकटलाय," असे म्हणत तिने चिमटीत धरून तो ओढला.

तो माझा होता.