‘सोडला म्हणून जिंकला’ म्हणणाऱ्यांना

जुलै उजाडला की बेळगावातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक जुना मेसेज नव्याने फिरायला लागतो. सोबत ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉकची क्लिप असते. १४ जुलै २०२२, टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा बारावा टप्पा, आल्प द्युएझचा घाट आणि बावीस वर्षांचा पोरगा एकटा वर चढून टप्पा जिंकतोय. खालचा मजकूर थोडक्यात असा: याला डोक्यावर घेऊ नका. ब्रेकअवे, म्हणजे घोळका मागे टाकून पुढे पळणं, हा मोठ्यांनी सोडून दिलेला टप्पा. मागच्यांनी मनावर घेतलं असतं तर केव्हाच गाठला असता. आघाडी मिळवली ती उतारावर जिवावर उदार होऊन, त्यात ताकद कसली? आणि खरा दम असता तर अख्खी टूर जिंकली असती.

यावर अंगठ्यांची रांग लागते. यंदा खानापूरकडच्या एका शर्यतीत उतरणाऱ्या पोराने तोच मेसेज मला पाठवून विचारलं, “काका, मग फुडं पळून उपेग काय ओ?” पोरं असं विचारायला लागली म्हणजे उत्तर द्यायलाच हवं.

सोडून दिलं, हे अर्धं खरं आहे. सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत जो पहिला, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. त्या वेळेत बऱ्याच मिनिटांनी मागे असलेल्याला पिवळ्या जर्सीचा संघ जाऊ देतो, कारण त्याच्यापासून धोका नसतो. पण जाऊ देतात ते एकट्याला नाही, टोळीला. त्या टोळीत घुसण्यासाठी आधी मारामारी आणि आत गेल्यावर टोळीतल्या टोळीत शर्यत. त्या दिवशी शेवटच्या घाटाच्या पायथ्याला पुढे पाच जण होते: पिडकॉक, लुई माइंत्येस, नीलसन पॉवलेस, जुलिओ चिकोने आणि चार वेळा टूर जिंकलेला ख्रिस फ्रूम. २०१९ च्या अपघातानंतरचा फ्रूम म्हणजे पूर्वीचा फ्रूम नव्हे, हे कबूल. तरी पाचही जणांना सारखीच मोकळीक होती. शिखर दहाएक किलोमीटरवर असताना पिडकॉक सुटला आणि बाकीच्या चौघांना त्याचं चाक धरता आलं नाही. माइंत्येस ४८ सेकंदांनी मागे, फ्रूम दोन मिनिटांहून जास्त. या चौघांनी त्याला कुठे सोडून दिलं होतं?

आता ‘मनावर घेतलं असतं तर’. हे मोबाईलवर टाइप करायला सोपं आहे. पाठलाग म्हणजे कुणीतरी आपली माणसं पुढे घालून दमवायची. अख्खी टूर जिंकण्यासाठी झगडणारे दोघे म्हणजे विंगेगोर आणि पोगाचार. आदल्याच दिवशी कोल द्यु ग्रानों या घाटात विंगेगोरने पोगाचारची पिवळी जर्सी काढून घेतली होती. विंगेगोरच्या संघाला पोगाचारवर डोळा ठेवायचा होता, त्यांनी पिडकॉकसाठी माणसं का जाळावीत? दिवसभर त्यांनी बेताचा वेग राखला, हे खरंच. पण शेवटच्या घाटात कुणी हवा खात बसलं नव्हतं. पोगाचारने तिथे विंगेगोरवर हल्ले केले, जगातले दोन सगळ्यात तगडे चढणारे एकमेकांना झोंबत वर आले आणि पिडकॉकनंतर ३ मिनिटं २३ सेकंदांनी पोचले.

मागे बसणाऱ्याला किती आराम असतो, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. पावसाळ्याच्या तोंडाला रविवारी सकाळी सांबऱ्याकडून शहराकडे परत या. पश्चिमेचा वारा थेट छातीवर येतो. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चिकटलात की पॅडल थांबवलं तरी फ्रीव्हील टकटकत राहतं आणि सायकल ओढल्यासारखी पुढे जाते. पुढचा मात्र मान खाली घालून हँडल पिळत असतो. त्याने कोपर हलवून ‘ये पुढं’ म्हटलं की तुमची पाळी, आणि दोन मिनिटांत मांड्या पेटतात. मोठ्या घोळक्यात तर हा फायदा कितीतरी जास्त. २०१८ साली बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. मधल्या भागातल्या स्वाराला हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या जेमतेम ५ ते १० टक्के लागतो, असं त्यात दिसलं.

म्हणून बहुतेक पळ फसतात. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: मागून जोर लावला तर दर १० किलोमीटरला एक मिनिट भरून निघतं. पण उभ्या चढावर वेग उतरतो, आडोशाचा फायदा घटतो आणि ज्याच्या पायात आहे त्याचंच चालतं. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के चढ. तिथे नशिबाला फारशी जागा उरत नाही.

गफलतीने सुटलेला पळ असतो, नाही कसा? २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सुरुवातीलाच सटकली आणि सुवर्ण घेऊन गेली. ऑलिंपिकमध्ये पुढची खबर देणारा संघाचा रेडिओ कानात नसतो. मागून दुसरी आलेली फान फ्ल्यूटेन सुवर्ण आपलंच समजून हात उंचावून रेषेवर आली. पण मागच्यांचा हिशेब चुकला तरी कीझेनहोफरला शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटीनेच मारावे लागले ना? तिच्या वाटणीचं पॅडल कोण मारणार होतं?

उतारावरचा आक्षेप मला सगळ्यात हलका वाटतो. त्याच टप्प्यात आधी लागलेल्या गालिबिए घाटावरून पिडकॉक ज्या वेगाने उतरला ते पाहून पोटात गोळा येतो. पण तो २०२१ चा माउंटन बाइकचा ऑलिंपिक विजेता आणि २०२२ चा सायक्लोक्रॉसचा, म्हणजे चिखलमातीतल्या सायकल शर्यतीचा, जगज्जेता. टायर कुठे घसरेल, ब्रेक कुठे सोडायचा, ही त्याची रोजची तालीम. वर चढण्याला ताकद म्हणायचं आणि खाली उतरण्याला वेडेपणा, हा कुठला न्याय? (चोर्ल्याच्या उतारावर मात्र ही नक्कल नको. टूरला रस्ता बंद असतो, आपल्याला वळणावर गोव्याहून येणारी बस भेटते. आणि वेगासाठी सीट सोडून सायकलच्या दांडीवर बसून उतरणं २०२१ पासून शर्यतीतही बंद आहे.)

राहिलं ‘अख्खी टूर’. मुंबई-पुणे शर्यतीत घाटाचा राजा एक आणि शर्यत जिंकणारा दुसरा असला तर आपल्याला कधी खटकलं नाही. मार्क कॅव्हेंडिशने टूरचे ३५ टप्पे जिंकले, तो विक्रम आहे, आणि टूर एकदाही नाही. त्याला कुणी बिनदमाचा म्हणत नाही. आणि ज्याला हे लोक एका दिवसाचा पाहुणा म्हणतात तो पिडकॉक २०२५ च्या व्हुएल्टात, स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, विंगेगोर आणि अल्मेइदाच्या मागोमाग तिसरा आला.